युरेनियम खाणीजवळचे दूषित भूजल : पाण्याची ओळख ते शुद्धीकरण

नागपूर जिल्ह्यात युरेनियमची खाण नाही. तरीही या विषयाशी नागपूरचा संबंध जवळचा आहे, कारण अणुखनिज संचालनालयाचे मध्य विभागीय कार्यालय, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आणि १९५८ साली सुरू झालेली, आज नीरी या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था या तिन्ही एकाच शहरात आहेत. इथे भूशास्त्र, रसायनशास्त्र किंवा पर्यावरण अभियांत्रिकी शिकलेली मुले-मुली पुढे कामाला झारखंडमधील जादुगुडा-नरवापहाड पट्ट्यात, आंध्रातील तुम्मलापल्लेला किंवा एखाद्या सल्लागार संस्थेत जातात. अशा ठिकाणी पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाला मराठीत वाचता येईल असे काहीतरी हाताशी असावे, म्हणून हा लेख लिहीत आहे. माझे स्वतःचे काम भूजलाच्या रसायनाचे आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: बहुतेक प्रकल्प यंत्र वाईट असल्यामुळे फसत नाहीत, पाणी न ओळखता यंत्र विकत घेतल्यामुळे फसतात. त्यामुळे शुद्धीकरणाची यंत्रणा या लेखात बरीच उशिरा येईल.

आधी पिण्याचे पाणी

दूषित पट्ट्यात किंवा त्याच्या उताराकडच्या बाजूला एखादी वस्ती हातपंपाचे वा विहिरीचे पाणी पीत असेल, तर सर्वेक्षण पूर्ण होण्याची वाट न पाहता त्या वस्तीला दुसरे पाणी मिळाले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी युरेनियमची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ठेवली आहे आणि भारतीय मानक ब्युरोनेही तीच मर्यादा स्वीकारली आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचा ६० मायक्रोग्रॅमचा आकडा जुन्या अहवालांत दिसतो, म्हणून अहवाल वाचताना तुलना कोणत्या आकड्याशी केली आहे हे आधी पाहावे. ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा मुख्यतः मूत्रपिंडावर होणाऱ्या रासायनिक परिणामावरून ठरलेली आहे. किरणोत्साराच्या भाषेत नैसर्गिक युरेनियमचे ३० मायक्रोग्रॅम म्हणजे जेमतेम पाऊण बेक्वेरेल (सेकंदाला एक अणुविघटन म्हणजे एक बेक्वेरेल) होतात. लोकांशी बोलताना हा फरक समजावून सांगावा लागतो, कारण त्यांच्या मनातील भीती किरणांची असते, तर विहिरीतला प्रत्यक्ष धोका बहुधा जड धातूचा असतो.

पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. क्लोरीन टाकूनही उपयोग होत नाही. घरगुती आरओ संच युरेनियमचा बहुतांश भाग काढतो, पण त्याचे टाकाऊ पाणी पुन्हा आडात किंवा परसबागेत सोडले जाणार नाही हे पाहिले पाहिजे. चाचणीचा निकाल वस्तीला तिच्या भाषेत द्यावा, मग ती संथाली असो, ‘हो’ ही भाषा असो वा तेलुगू. आपल्या विहिरीच्या पाण्यात काय आहे हे जाणून घेण्याचा त्या माणसांचा हक्क आपल्या अहवालाच्या वेळापत्रकापेक्षा मोठा आहे.

दूषण नेमके कुठून येते

खाण म्हणताना एकच खड्डा डोळ्यांसमोर येतो, पण पाणी बिघडवणाऱ्या जागा चार-पाच असतात: खाणीतून उपसलेले पाणी, टाकाऊ दगडांचे ढीग, धातुकाचा साठा, कारखान्यातील गळक्या वाहिन्या आणि सगळ्यांत महत्त्वाचा टेलिंग्ज तलाव, म्हणजे युरेनियम काढून घेतल्यावर उरलेल्या बारीक चुऱ्याचा तलाव. धातुकातून युरेनियम निघून गेले तरी त्याच्या विघटनातून बनलेले थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ त्या चुऱ्यातच राहतात, त्यामुळे मूळ धातुकातील किरणोत्साराचा सुमारे ८५ टक्के भाग टेलिंग्जमध्ये उरतो. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. याचा सरळ अर्थ असा की तलावाच्या तळाची आणि आवरणाची आखणी ठेकेदाराच्या मुदतीवर नव्हे तर कित्येक पिढ्यांच्या हिशोबाने करावी लागते.

कारखान्याची पद्धतही समजून घ्यावी. जादुगुड्याच्या कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल वापरले जाते. तुम्मलापल्लेचे धातुक डोलोमाइटी खडकात आहे आणि आम्ल त्या कार्बोनेटवरच खर्च होऊन जाईल, म्हणून तिथे क्षारीय कार्बोनेटची पद्धत वापरतात. साहजिकच पहिल्या प्रकारच्या जागी झिरपणाऱ्या पाण्यात सल्फेट आणि मँगनीज जास्त सापडेल, तर दुसऱ्या प्रकारच्या जागी सोडियम, बायकार्बोनेट आणि सल्फेट. या दोन पाण्यांना एकच उपाय लागू पडेल असे मानणे ही पहिली चूक होय.

दुसरी चूक नैसर्गिक पातळी न मोजण्याची. जिथे युरेनियमची खाण आहे तिथल्या खडकात युरेनियम आहेच, आणि खाण सुरू होण्याआधीही काही विहिरींत ते असू शकते. म्हणून खाणीच्या वरच्या अंगाला, भूजल जिकडून येते त्या बाजूला आणि त्याच प्रकारच्या खडकात किमान तीन-चार निरीक्षण विहिरी हव्यात. शुद्धीकरणाचे उद्दिष्ट त्या विहिरींच्या पातळीखाली ठेवले, तर ते कधीच गाठता येणार नाही. आणि नैसर्गिक पातळीचे कारण पुढे करून कारखान्याच्या गळतीवर पांघरूण घालणेही तितकेच चुकीचे आहे. दोहोंतील भेद सल्फेट आणि सोडियमच्या प्रमाणावरून बऱ्याचदा कळतो, कारण गळतीच्या पाण्यात युरेनियमबरोबर हे सोबतीही वाढलेले दिसतात.

निरीक्षण विहीर आणि नमुना

पश्चिम नागपूर बेसाल्टवर आणि पूर्व नागपूर बऱ्याच अंशी ग्नाइससारख्या स्फटिकी खडकावर वसले आहे, हे इथल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. शहराच्या दोन टोकांच्या दोन बोअरवेलचे पाणी तपासले तरी खडक बदलला की पाणी कसे बदलते हे दिसते, आणि नवख्यांना सरावासाठी मी हेच करायला सांगतो. जादुगुड्याकडचा खडकही कठीण आणि भेगाळ आहे. अशा खडकात पाणी भेगांतून जाते, त्यामुळे दहा मीटर अंतरावरच्या दोन विहिरींची एकमेकींशी ओळखही नसू शकते. विहिरी किती खोदल्या यापेक्षा त्या कोणत्या भेगेला लागल्या हे महत्त्वाचे आहे. म्हणून प्रत्येक विहिरीची जाळीदार नळी ठरावीक खोलीलाच ठेवावी आणि वरचा भाग बेंटोनाइट मातीने बंद करावा, नाहीतर आपली निरीक्षण विहीरच वरचे दूषित पाणी खाली नेणारी वाट बनते.

नमुना घेण्याआधी विहिरीत साचलेले जुने पाणी काढून टाकावे लागते. ढोबळ नियम असा की विहिरीतील पाण्याच्या तिप्पट पाणी उपसावे. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत २० मीटर पाण्याचा स्तंभ असेल तर त्यात सुमारे १५७ लिटर पाणी असते, म्हणजे सुमारे ४७० लिटर उपसायचे आणि तापमान, विद्युतवाहकता व पीएच स्थिर झाल्यावरच बाटली भरायची. हे उपसलेले पाणीही दूषित असू शकते. ते जमिनीवर ओतू नये, टाकीत साठवावे.

प्रत्येक विहिरीसाठी किमान दोन बाटल्या लागतात. पहिलीतले पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल टाकावे आणि पीएच २ च्या खाली आणावा. ही बाटली युरेनियम व इतर धातूंसाठी. दुसरीत आम्ल टाकायचे नाही; ती सल्फेट, क्लोराइड व नायट्रेटसाठी थंड ठेवून न्यायची. पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, ऑक्सिडीकरण-क्षपण विभव (पाणी ऑक्सिडीकरणकारी आहे की क्षपणकारी हे सांगणारे विद्युत माप) आणि क्षारता (मुख्यतः बायकार्बोनेटचे प्रमाण) मात्र विहिरीच्या काठावरच मोजावी. हा आग्रह मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एकदा मे महिन्यात नमुने जीपच्या मागच्या भागात ठेवून आम्ही दुसऱ्या दिवशी नागपूरला पोहोचलो आणि क्षारता प्रयोगशाळेत मोजली. वाटेतल्या उन्हात पाण्यातील कार्बन डायऑक्साइड उडून गेला होता, पीएच वर चढला होता आणि बाटलीच्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसला होता. त्या फेरीचे क्षारतेचे आकडे निरुपयोगी ठरले आणि सगळ्या विहिरी पुन्हा कराव्या लागल्या.

युरेनियम मोजण्यासाठी आपल्याकडे लेसर किंवा एलईडी फ्लोरीमीटर बराच वापरला जातो, कारण तो स्वस्त आहे आणि मायक्रोग्रॅमपर्यंत भरवशाचा आहे. लोह, मँगनीज किंवा सेंद्रिय पदार्थ जास्त असले तर त्याचे वाचन दबते, त्यामुळे नमुना विरल करून आणि त्यात माहीत असलेले युरेनियम मिसळून पडताळणी करावी. दहांतला एक नमुना आयसीपी-एमएस या, धातूंचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर दुसऱ्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. रेडियम-२२६ ची मोजणी वेगळी असते आणि ती वगळू नये.

पाणी वाचणे

ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम सहा संयुजेच्या रूपात, युरेनिल आयन म्हणून विरघळलेले असते. ऑक्सिजन नसलेल्या, क्षपणकारी परिस्थितीत ते चार संयुजेचे होते आणि बहुतांशी खडकाला चिकटून बसते. आपल्याकडच्या भूजलात बायकार्बोनेट भरपूर असते, आणि युरेनिल आयन त्याच्याशी जोडी जमवून ऋण विद्युतभाराचे संकुल तयार करतो, जे लोहाच्या गंजावर किंवा मातीच्या कणांवर सहज चिकटत नाही. कॅल्शियम असेल तर आणखी एक पायरी पुढे जाते आणि कॅल्शियम, युरेनिल व कार्बोनेट यांचे विद्युतभार नसलेले संकुल बनते, जे पाण्याबरोबर जवळजवळ निर्वेध वाहत जाते. म्हणून अहवालात युरेनियमच्या आकड्याशेजारीच क्षारता, कॅल्शियम आणि पीएच लिहिलेले असावेत. ते नसतील, तर उपायाची निवड हा अंदाजाचा खेळ होतो.

आता वेग. समजा वाळूमिश्रित गाळाच्या थराची पारगम्यता दिवसाला १ मीटर आहे, भूजलाचा उतार हजार मीटरला ५ मीटर आणि सच्छिद्रता २० टक्के. मग पाण्याचा प्रत्यक्ष वेग दिवसाला २.५ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ९ मीटर होतो. युरेनियम कणांना थोडेफार चिकटते. वितरण गुणांक (कणांना चिकटलेले आणि पाण्यात राहिलेले यांचे गुणोत्तर) ग्रॅमला १ मिलिलिटर आणि थराची कोरडी घनता घनसेंटिमीटरला १.६ ग्रॅम धरली, तर ते पाण्याच्या नवव्या हिश्शाने, म्हणजे वर्षाला जवळजवळ एक मीटर सरकेल. चिकटलेले युरेनियम हळूहळू सुटत राहते, म्हणून थरातले पाणी एकदा बदलून भागत नाही, ते अनेक वेळा बदलावे लागते. भेगाळ खडकात हा हिशोब लागू पडत नाही. तिथे पाणी भेगेतून पुष्कळ वेगाने जाऊ शकते, म्हणून शोधक मीठ किंवा रंग सोडून प्रत्यक्ष चाचणीच घ्यावी.

उगम बंद करणे आणि पाणी अडवणे

गळका तलाव तसाच ठेवून खालचे पाणी शुद्ध करत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. तलावावर मातीचे व खडीचे थरयुक्त आवरण, बाहेरून येणारे पावसाचे पाणी वळवणारे चर, झिरपलेले पाणी गोळा करणारा पायथ्याचा नाला आणि गळक्या वाहिन्यांची दुरुस्ती, ही कामे आधी करावी. मोसमी पावसाचे बहुतेक पाणी चार महिन्यांत पडते, त्यामुळे नाल्यांची आणि साठवण टाक्यांची क्षमता वार्षिक सरासरीवरून काढू नये, मोठ्या पावसाच्या दिवसावरून काढावी.

त्यानंतर उपसा विहिरी. त्यांचे काम दूषित पट्ट्याभोवती भूजलाचा उतार आपल्याकडे वळवणे हे आहे. पंपामुळे दूरचे पाणी ओढले जाते ही गोष्ट काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना कुणी शिकवावी लागत नाही, कारण शेजारच्या मळ्यातली नवी खोल बोअर सुरू झाली की आपली विहीर खाली जाते हे त्यांनी पाहिलेले असते. इथे तोच परिणाम मुद्दाम घडवायचा आहे. प्रमाणापेक्षा जास्त उपसा केला तर स्वच्छ पाणीही ओढले जाते आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढतो; कमी केला तर दूषित पाणी निसटते. त्यासाठी किमान ७२ तासांची उपसा चाचणी घ्यावी आणि आजूबाजूच्या निरीक्षण विहिरींची पातळी तासातासाला नोंदवावी.

शुद्धीकरणाची निवड

लिटरमागे काही शेकडा मायक्रोग्रॅम युरेनियम आणि भरपूर बायकार्बोनेट असलेल्या पाण्यासाठी माझी पहिली पसंती तीव्र क्षारधर्मी ऋण-आयन विनिमय रेझिनला, म्हणजे पाण्यातले ऋण आयन धरून बदल्यात स्वतःचे आयन सोडणाऱ्या कृत्रिम मण्यांना आहे. जे कार्बोनेट संकुल लोहाला दाद देत नाही, तेच या रेझिनला घट्ट धरून बसते. सल्फेट फार वाढले तर ते जागेसाठी स्पर्धा करते, म्हणून त्याच पाण्यावर छोट्या नळीत चाचणी घेतल्याशिवाय रेझिनचे आकारमान ठरवू नये.

उदाहरण घेऊ. तासाला १० घनमीटर पाणी आणि लिटरमागे ३०० मायक्रोग्रॅम युरेनियम म्हणजे तासाला ३ ग्रॅम, दिवसाला ७२ ग्रॅम. रेझिन १००० लिटर घेतले आणि नळीच्या चाचणीत लिटरमागे २० ग्रॅमची क्षमता निघाली, तर ते भरायला सुमारे २७८ दिवस, म्हणजे नऊ महिने लागतील. टाक्या नेहमी दोन, एकामागोमाग एक जोडाव्यात आणि दोघींच्या मधल्या नळावर दर आठवड्याला नमुना घ्यावा. पहिल्या टाकीतून युरेनियम निसटू लागले की ती बाहेर काढायची, दुसरी पुढे आणायची आणि ताजी मागे लावायची. टाक्यांच्या आधी वाळूची गाळणी हवी, कारण लोह आणि मँगनीज रेझिनवर बसले की क्षमता झपाट्याने घसरते. नवे रेझिन सुरुवातीला बायकार्बोनेटही ओढून घेते, त्यामुळे पहिल्या काही तासांत बाहेरच्या पाण्याचा पीएच उतरतो. ते पाणी परत साठवण टाकीत घ्यावे.

दुसरा मार्ग फेरिक क्लोराइडने गाळ पाडण्याचा. प्रयोगशाळेत एकेक लिटरच्या सहा चंचुपात्रांत १० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत चढत्या मात्रा घालाव्यात, एक मिनिट जोरात आणि वीस मिनिटे हळू ढवळावे, अर्धा तास निवळू द्यावे आणि वरचे पाणी गाळून मोजावे. पीएच ६ च्या आसपास परिणाम चांगला मिळतो. बायकार्बोनेट जास्त असेल तर आधी आम्ल घालून हवेच्या झोताने कार्बन डायऑक्साइड घालवावा आणि मग चुन्याने पीएच परत वर आणावा. जर्मनीतील विस्मुट कंपनीच्या बंद खाणींच्या पाण्यावर चुन्याची प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. पद्धत मजबूत आहे, पण गाळ पुष्कळ निघतो. आरओ पाणी उत्तम देते, मात्र टाकाऊ पाण्यात युरेनियम एकवटते आणि त्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न तसाच समोर राहतो, म्हणून मोठ्या प्रवाहाला मी ती सहसा सुचवत नाही.

युरेनियम गेले म्हणजे पाणी स्वच्छ झाले असे नव्हे. रेडियम धन आयन आहे, तो ऋण-आयन रेझिनमधून सरळ निघून जातो. सल्फेट असलेल्या पाण्यात थोडे बेरियम क्लोराइड घातले की बेरियम सल्फेटचा बारीक साका पडतो आणि रेडियम त्याच्याबरोबर खाली बसते. जादुगुड्याच्या सांडपाणी प्रक्रियेत चुना आणि बेरियम क्लोराइड यांचाच वापर होतो. चुन्याने पीएच चढवला की मँगनीजही बाहेर पडते. साका फार बारीक असल्याने निवळणीला वेळ आणि मोठी टाकी द्यावी लागते. बेरियम क्लोराइड विषारी आहे, म्हणून ते हाताळणाऱ्या कामगाराला हातमोजे, मुखपट्टी आणि हात धुण्याची सोय दिलीच पाहिजे. रेडियमच्या विघटनातून सुटणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे. पंपघर आणि रेझिनच्या टाक्यांची खोली कोंदट नसावी, एवढी काळजी तरी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

जमिनीखालीच उपाय

पाणी वर न काढता उपाय करण्याचे दोन मार्ग प्रसिद्ध आहेत. पहिल्यात पाण्याच्या वाटेत चर खणून त्यात लोहाचा कीस किंवा हाडांचा फॉस्फेटयुक्त कोळसा भरून पाणी आरपार जाऊ देणारी भिंत बनवतात. अमेरिकेतील युटा राज्यात फ्राय कॅनियन येथे १९९७ मध्ये आणि मॉन्टिसेलो येथे १९९९ मध्ये अशा भिंती उभारल्या गेल्या. मॉन्टिसेलोच्या भिंतीने सुरुवातीला युरेनियम चांगले अडवले, पण पुढे कार्बोनेटचे थर बसून तिची पारगम्यता घटत गेली. आपल्या चुनखडीयुक्त पाण्यात हे आणखी लवकर होईल अशी मला भीती वाटते. उथळ गाळाच्या थरात ही पद्धत विचारात घ्यावी, भेगाळ खडकात नव्हे.

दुसऱ्यात अ‍ॅसिटेटसारखे खाद्य सोडून जमिनीतल्या जिवाणूंकडून युरेनियमचे क्षपण करवतात. कोलोराडोतील रायफल येथील प्रयोगात जिओबॅक्टर जिवाणू वाढले आणि युरेनियम झपाट्याने उतरले, पण नंतर सल्फेट क्षपण करणारे जिवाणू वरचढ झाले आणि पाण्यातील युरेनियम पुन्हा वाढू लागले. ऑक्सिजन किंवा नायट्रेट परत आले की बसलेले युरेनियम पुन्हा विरघळते, आणि स्फोटकांमुळे खाणीच्या पाण्यात नायट्रेट असतेच. म्हणून कायमचा उपाय म्हणून मी ही पद्धत सुचवणार नाही.

रेझिन, गाळ आणि नोंदवही

वरच्या उदाहरणातील भरलेल्या टाकीत २० किलो युरेनियम असते, म्हणजे सुमारे ५० कोटी बेक्वेरेल. ते रेझिन साध्या कचऱ्यात किंवा भंगारात जाता कामा नये. कारखाना चालू असेल तर रेझिन धुऊन निघालेले द्रावण कारखान्याच्या प्रवाहात परत घालणे सगळ्यांत उत्तम. तसे नसेल तर रेझिन आणि रेडियमचा गाळ यांची साठवण व विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीनेच व्हावी आणि शुद्ध पाणी सोडण्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हातात असावी. ही कागदपत्रे यंत्रणा मागवण्याआधी सुरू करावीत, कारण गाळाला जागा मिळाली नाही म्हणून यंत्रणा बंद ठेवण्याची वेळ येते तेव्हा दूषित पाणी मात्र थांबत नाही.

उपसा किती वर्षे चालवायचा याचे उत्तर विहिरीच देतात. युरेनियमचा आलेख आधी वेगाने खाली येतो आणि मग एका पातळीला रेंगाळतो. त्या वेळी पंप काही महिने बंद ठेवून पाहावे. थराला चिकटलेले युरेनियम सुटून आकडा पुन्हा चढला, तर काम संपलेले नाही. चढला नाही, तरी पंप मोडीत काढू नये: निदान दोन पावसाळे उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर नमुने घ्यावेत, कारण भूजल पातळी वर आली की आजवर कोरड्या असलेल्या थरातील क्षार धुऊन खाली येतात. ही नोंद विहिरीच्या क्रमांकासह, तारखेसह आणि नमुना घेणाऱ्याच्या सहीसह ठेवावी, आणि तिची एक प्रत खाणीजवळच्या ग्रामपंचायतीत द्यावी.